नक्षी सांगते भांड्याचे वय

चिनी मातीच्या जुन्या भांड्याचे वय ठरवायचे असले, की बहुतेक जण ते भांडे प्रथम उलटे करून पाहतात. बुडावर निळ्या रंगात लिहिलेली चार किंवा सहा चिनी अक्षरे दिसली आणि कोणी ती वाचून एखाद्या मिंग सम्राटाचे नाव सांगितले, की घरातील मंडळी हरखून जातात. दुर्दैवाने या विषयात सर्वाधिक दिशाभूल याच अक्षरांनी केलेली आहे. जुन्या सम्राटाच्या राजवटीचे नाव नव्या भांड्यावर घालण्याचा चीनमध्ये शतकानुशतकांचा प्रघात होता. कधी तो पूर्वसुरींविषयीचा आदर असे, कधी निव्वळ बाजारातील क्लृप्ती. सतराव्या शतकाच्या अखेरीस घडविलेल्या अनेक भांड्यांवर पंधराव्या शतकातील चेंगहुआ राजवटीचे नाव आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील भांड्यांवर कांग्शी राजवटीचे नाव तर सर्रास दिसते.

सहा अक्षरांची नक्कल करणे सोपे असते. संपूर्ण भांड्यावरील नक्षीची मांडणी, तिचे विषय आणि कुंचल्याची सवय यांची हुबेहूब नक्कल करणे त्या मानाने फार अवघड. म्हणूनच निळ्या-पांढऱ्या चिनी पोर्सेलीनचा काळ ठरविताना अभ्यासक आधी नक्षी वाचतात आणि बुडावरील अक्षरांची साक्ष नंतर काढतात. ही नक्षी वाचण्याची ढोबळ रीत सामान्य वाचकालाही आत्मसात करता येण्यासारखी आहे.

नक्षीत काळ कसा उतरतो?

या भांड्यांचे माहेरघर म्हणजे चीनच्या जियांग्शी प्रांतातील जिंगदेझेन हे गाव. केओलिन ही पांढरी माती आणि पोर्सेलीनचा दगड म्हणून ओळखला जाणारा खडक दळून केलेली भुकटी यांच्या मिश्रणातून भांडे घडवीत. ते वाळले, की कोबाल्टयुक्त खनिजाच्या काळसर द्रावाने त्यावर चित्र काढीत, वरून झिलईचा थर देत आणि सुमारे तेराशे अंश सेल्सिअस तापमानाला ते भाजीत. भट्टीतून बाहेर येताना काळसर रेषा निळी झालेली असे.

या कृतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की न भाजलेली माती टीपकागदासारखी रंग शोषून घेते. एकदा ओढलेली रेषा खोडता येत नाही. त्यामुळे चित्रकाराचा हात जसा वळतो तसाच तो कायमचा नोंदला जातो. दुसरी अशी, की रंग झिलईच्या खाली बंदिस्त होतो. तो झिजत नाही आणि भांडे भाजून झाल्यावर त्याच्या जोडीला झिलईखाली नवी रेषा घालता येत नाही.

शिवाय हा हात सहसा एकट्या कलावंताचा नसे. फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक दाँत्रकोल यांनी १७१२ साली पाठविलेल्या पत्रात जिंगदेझेनमधील श्रमविभागणीचे वर्णन केले आहे. एक कारागीर केवळ काठाखालची रेघ ओढी, दुसरा फुलांची बाह्यरेषा काढी, तिसरा रंग भरी. एक भांडे तयार होईपर्यंत सत्तर जणांच्या हातांखालून जाई, असे तेथे सांगत. अशा व्यवस्थेत वैयक्तिक लहरीला वाव थोडा आणि त्या त्या काळातील सामुदायिक वळणाला अधिक. हे वळण पिढीगणिक बदलत गेले, आणि तेच काळ ओळखण्याचे साधन ठरले.

खात्रीचे टप्पे

अमुक नक्षी अमुक काळाची, हे ठरविण्यासाठी आधी काही निश्चित तारखांची भांडी हाती असावी लागतात. अशांपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे 'डेव्हिड कलश' या नावाने प्रसिद्ध असलेली, ब्रिटिश म्युझियममधील सुमारे ६३ सेंटिमीटर उंचीची जोडी. हत्तीच्या मस्तकाच्या आकाराचे कान असलेल्या या कलशांच्या मानेवर एक लेख आहे. झांग वेनजिन नावाच्या भाविकाने कुटुंबाच्या कल्याणासाठी ही जोडी एका देवळाला अर्पण केल्याचे त्यात नमूद असून, त्यातील वर्ष १३५१ येते. इंग्रज अभ्यासक रॉबर्ट हॉब्सन यांनी १९२९ साली या लेखाकडे लक्ष वेधले. तोवर इतकी प्रगल्भ निळी-पांढरी कला मिंग काळाच्या आधीची असेल, असे फारसे कोणी मानत नसे.

वेगवेगळ्या ठिकाणांहून हे दोन कलश मिळवून त्यांची पुन्हा जोडी जमविणारे संग्राहक सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ साली मुंबईतला, ही गोष्ट मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. मुंबईतील बगदादी ज्यू समाजातील हे घराणे. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक होते.

पुढे १९५० च्या दशकात अमेरिकन अभ्यासक जॉन अलेक्झांडर पोप यांनी या कलशांवरील नक्षीचा एकेक घटक सुटा करून तो इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यातील आणि इराणमधील अर्दबिल येथील भांड्यांशी ताडून पाहिला. लेख नसलेली कितीतरी भांडी त्यामुळे चौदाव्या शतकातील ठरली. अर्दबिलचा संग्रह आणखी एका कारणाने मोलाचा आहे. शाह अब्बासने १६११ साली आपली चिनी भांडी तेथील दर्ग्याला अर्पण केली व त्यांवर आपला शिक्का कोरविला. त्या दानातील कोणतेही भांडे १६११ नंतरचे असू शकत नाही.

तिसरा आधार बुडालेल्या जहाजांचा. जहाज बुडाले ते वर्ष ठाऊक असले, की त्यातील माल त्या वर्षाच्या आसपासचा मानता येतो. मनिलाजवळ १६०० साली बुडालेले 'सान दिएगो', सेंट हेलेना बेटापाशी १६१३ साली बुडालेले 'विट्टे लेऊव' आणि दक्षिण चिनी समुद्रात १७५२ साली बुडालेले 'खेल्डरमाल्सेन' या जहाजांतील मालाने नक्षीच्या इतिहासातील अनेक मोकळ्या जागा भरून काढल्या.

युआन : रिकामी जागा नको

मंगोलांच्या युआन राजवटीतील, म्हणजे चौदाव्या शतकातील नक्षीचे पहिले लक्षण म्हणजे दाटी. भांड्याची आडवी विभागणी अनेक पट्ट्यांत केलेली असते. डेव्हिड कलशांवर शेवंतीची वेल, केळीची उभी पाने, ढगांतील फिनिक्स पक्षी, कमळवेल, चार नख्यांचा ड्रॅगन, लाटा, पिओनीची फुले आणि सर्वांत खाली पाकळ्यांच्या आकाराच्या चौकटी अशी उतरंडच आहे. पश्चिम आशियासाठी केलेल्या मोठ्या थाळ्यांवर पाणवनस्पतींत पोहणारे मासे किंवा पिओनीची वेल आढळते. कमळवेलीची पाने टोकदार, काटेरी. ड्रॅगनचे डोके लहान, मान बारीक आणि शरीर सापासारखे सडपातळ. पाकळ्यांच्या चौकटी एकमेकींना न चिकटता सुट्या काढलेल्या असतात, ही खूणही उपयोगी आहे.

आरंभीचे मिंग : मोकळा श्वास

योंगले (१४०३ ते १४२४) आणि शुआनदे (१४२६ ते १४३५) या राजवटींत पट्ट्यांची गर्दी ओसरली आणि पांढऱ्या पार्श्वभूमीला नक्षीइतकेच महत्त्व आले. थाळ्याच्या मध्यभागी द्राक्षांचे घोस, फितीने बांधलेला कमळांचा गुच्छ, किंवा पाइन, बांबू आणि प्लमचा मोहोर हे 'हिवाळ्याचे तीन मित्र' असे विषय रूढ झाले. काठावर खडक आणि लाटांची किनार दिसते. सुरया, पाण्याची भांडी यांचे आकार अनेकदा इस्लामी धातुकामावरून उचललेले आहेत.

या काळात पश्चिम आशियातून येणारे कोबाल्ट वापरात होते. त्यात लोहाचे प्रमाण अधिक आणि मँगनीजचे कमी असे. जेथे कुंचल्यातून रंग जास्त उतरे, तेथे भट्टीत काळपट ठिपके उमटत व ते झिलईत खोल रुतल्यासारखे दिसत. मुळात हा दोष. परंतु पुढील पिढ्यांनी तोच सौंदर्याचा मानदंड मानला. या दोषाची आठवण ठेवावी, कारण नकला ओळखताना तो पुन्हा उपयोगी पडतो. भांड्यांवर राजवटीचे नाव नियमितपणे लिहिण्याची प्रथा रुळली तीही शुआनदे काळातच.

मध्य मिंग : संयम, मग विविधता

चेंगहुआ राजवटीत (१४६५ ते १४८७) निळा रंग फिका, मऊ आणि एकसारखा झाला. आधी बारीक बाह्यरेषा काढायची आणि मग आतील जागा पातळ रंगाने सपाट भरायची, ही पद्धत येथून स्थिरावली. त्याआधीच्या नक्षीत कुंचल्याचे छोटे छोटे फटकारे एकमेकांवर चढलेले दिसतात. रेषा आणि रंगभरण यांतील हा फरक भिंगातून सहज दिसतो आणि काळ ठरविताना फार कामाला येतो.

झेंगदे राजवटीतील (१५०६ ते १५२१) काही भांड्यांवर वेलींच्या नक्षीत अरबी व फारसी मजकूर चौकटी करून लिहिलेला आढळतो. जियाजिंग (१५२२ ते १५६६) हा सम्राट ताओ पंथाचा कट्टर अनुयायी होता. त्याच्या काळात दीर्घायुष्याची प्रतीके भांड्यांवर अवतरली: क्रौंच पक्षी, हरीण, पीचचे फळ, आठ सिद्धपुरुष आणि 'शौ' म्हणजे दीर्घायुष्य हे अक्षर. निळा रंग आता गडद व जांभळट छटेचा झाला. प्रतीक आणि रंग या दोन्ही खुणा एकत्र आढळल्या, तर अंदाजाला चांगली बळकटी येते.

वानली आणि क्राक

वानली राजवटीत (१५७३ ते १६२०) युरोपीय बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर माल निघू लागला. या निर्यातीतील विशिष्ट शैलीला 'क्राक' म्हणतात. पोर्तुगीजांच्या 'कॅरॅक' जहाजांवरून हे नाव पडले असावे, असा समज आहे. क्राक थाळा ओळखणे सोपे आहे. मध्यभागी एखादे निसर्गदृश्य, हरीण किंवा पक्षी. भोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या विभागलेल्या रुंद व अरुंद चौकटी. रुंद चौकटींत फुले, फळे व शुभचिन्हे, अरुंद चौकटींत लोंबते गोंडे. भांडे पातळ असते आणि काठाची झिलई ठिकठिकाणी टवका उडाल्यासारखी निघालेली असते. या नक्षीची नक्कल इराणात, जपानात आणि हॉलंडमधील डेल्फ्ट येथेही झाली. मात्र डेल्फ्टचे भांडे पोर्सेलीनचे नसते. टवका उडालेल्या जागी त्याची माती पिवळसर आणि सच्छिद्र दिसते.

संक्रमणकाळ : चित्रकथा

सुमारे १६२० ते १६८३ हा संक्रमणकाळ म्हणून ओळखला जातो. दरबारी मागणी आटली, १६४४ साली मिंग सत्ता कोसळली आणि जिंगदेझेनचे कारागीर खासगी गिऱ्हाइकांसाठी, विशेषतः सुशिक्षित चिनी वर्गासाठी काम करू लागले. छापील पुस्तकांतील काष्ठचित्रे त्यांनी भांड्यांवर उतरविली. त्यामुळे फुलदाण्यांवर नाटके, कादंबऱ्या आणि इतिहास यांतील प्रसंग सलग फिरत जाताना दिसतात. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या छोट्या फटकाऱ्यांनी काढलेले गवत आणि प्रसंग वेगळे करणारे वेटोळ्यांचे ढग या दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. डच व्यापाऱ्यांच्या ओढीने ट्यूलिपसारखी फुलेही याच काळात आली. दक्षिण चिनी समुद्रातून १९८० च्या दशकात वर काढलेल्या एका चिनी जहाजातील मालात १६४३ हे वर्ष दर्शविणारी झाकणे सापडली आणि या शैलीला तारखेचा भक्कम आधार मिळाला.

कांग्शी : निळ्याच्या अनेक छटा

कांग्शी राजवट (१६६२ ते १७२२) म्हणजे निळ्या-पांढऱ्या कलेचा दुसरा सुवर्णकाळ. कोबाल्ट अधिक शुद्ध झाले आणि नीलमण्यासारखा तेजस्वी रंग साधला. एकाच रंगाच्या अनेक पातळ-दाट छटा एकावर एक देऊन डोंगरांना खोली आणण्याचे तंत्र या काळाचे खास वैशिष्ट्य. भेगाळलेल्या बर्फाच्या निळ्या पार्श्वभूमीवर उमललेला पांढरा प्लमचा मोहोर, आणि उंच, सडपातळ स्त्रिया हे विषय लोकप्रिय झाले. १६७७ साली जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाच्या राजवटीचे नाव लिहिण्यास मनाई केली; भांडे फुटले तर नावाचा अवमान होईल, असे कारण दिले जाते. परिणामी या काळातील कित्येक उत्तम भांड्यांच्या बुडावर दोन रिकामी वर्तुळे किंवा एखादे पान एवढेच चिन्ह असते. बुडावरच्या अक्षरांवर विसंबणारा माणूस नेमकी हीच भांडी नाकारतो.

जुन्याची ओढ

योंगझेंग (१७२३ ते १७३५) आणि चियानलोंग (१७३६ ते १७९५) या राजवटींत पंधराव्या शतकातील नक्षीचे पुनरुज्जीवन झाले. शुआनदे काळातील ते काळपट ठिपके आता कारागीर मुद्दाम काढू लागले. भिंगातून पाहिल्यास मूळ ठिपके रंग साचेल तेथे अनियमितपणे उमटलेले दिसतात. अठराव्या शतकातील ठिपके कुंचल्याने ठरवून, साधारण सारख्या अंतरावर टेकविलेले असतात. अनुकरण ओळखण्याची ही सर्वांत बोलकी खूण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः ग्वांगशू राजवटीत (१८७५ ते १९०८), कांग्शी शैलीच्या बरण्या व फुलदाण्या मोठ्या संख्येने निघाल्या. प्लमचा मोहोर तोच. परंतु बर्फाच्या भेगा यांत्रिक जाळीसारख्या, निळ्या रंगात छटांची खोली नाही आणि बुडावर बहुधा कांग्शी नावाची चार अक्षरे. बुडावर इंग्रजीत 'चायना' असे छापलेले असेल, तर वस्तू सहसा १८९१ नंतरची समजावी. त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे कायद्याने बंधनकारक झाले.

विलोच्या झाडाखालचा पूल, त्यावरील तीन आकृत्या आणि आकाशातील पक्ष्यांची जोडी ही आपल्याकडे जुन्या घरांत हमखास दिसणारी नक्षी चिनी मानली जाते. वास्तविक ती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चिनी दृश्यांवरून रचली गेली आणि तिच्याशी जोडलेली प्रेमकथाही इंग्रजांचीच निर्मिती आहे. ही नक्षी कागदावरून छापून उतरविलेली असते. भिंगाखाली कुंचल्याचा ओघ न दिसता कोरीव रेघा व ठिपके दिसतात.

नक्षीची मर्यादा

इतके सांगून झाल्यावर एक तत्त्व ठळकपणे नोंदविले पाहिजे. नक्षी फक्त 'याच्या आधीचे नाही' एवढेच खात्रीने सांगते. क्राक चौकटी असलेला थाळा सोळाव्या शतकाच्या आधीचा नाही, हे नि:शंक. तो कालच घडविलेला नाही, हे मात्र नक्षी एकटी सांगू शकत नाही. म्हणून भांड्यावरील सर्वांत जुनी खूण पाहून हर्ष करण्याऐवजी सर्वांत उशिराची खूण शोधावी. युआन काळातील ड्रॅगनशेजारी कांग्शी पद्धतीचे छटादार डोंगर असतील, तर ते भांडे युआन काळातील असूच शकत नाही. पाच नख्यांचा ड्रॅगन म्हणजे सम्राटाचे भांडे, हा समजही सोडून द्यावा. नियम होता, तो मोडणारेही प्रत्येक काळात होते.

नक्षीचा कौल मग इतर साक्षींशी जुळवावा. बुडाखालच्या कड्याची घडण, झिलई न लागलेल्या जागी मातीचा पोत, झिलईची छटा, वापराच्या नैसर्गिक झिजेच्या खुणा आणि सर्वांत शेवटी बुडावरील अक्षरे, असा क्रम असावा. भांड्यावर पुढच्या मालकांनी कोरलेले लेखही उपयोगी ठरतात. योंगले काळातील द्राक्षांच्या नक्षीचा एक थाळा इराणच्या सफवी राजकन्या महीनबानू हिच्या मालकीचा होता. पुढे तो मोगल दरबारात आला व शाहजहानच्या काळात, १६४३-४४ मध्ये, त्यावर लेख कोरला गेला. नक्षी एक टोक सांगते, लेख दुसरे टोक बांधतो.

आपल्या दारातील खापरे

हा विषय केवळ श्रीमंत संग्राहकांचा नाही. दिल्लीतील फिरोजशाह कोटल्याच्या परिसरात युआन काळातील निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे तुकडे सापडले आणि तुघलकांच्या भोजनगृहाचा संबंध थेट जिंगदेझेनशी जोडला गेला. चौलसारख्या कोकणातील जुन्या बंदरांत आणि जुन्या गोव्याच्या अवशेषांतही चिनी पोर्सेलीनची खापरे मिळतात. अशा तुकड्यांवर सम्राटाचे नाव क्वचितच असते. हाती उरते ती बोटभर नक्षी: एखाद्या आऱ्याची कड, लोंबता गोंडा, काटेरी पान. तेवढ्यावरून मातीच्या त्या थराचा काळ ठरतो आणि बंदर केव्हा गजबजले होते, याचा अंदाज बांधता येतो. शेतात वा किनाऱ्यावर सापडलेले असे खापर धुऊन खिशात घालण्याऐवजी जागच्या जागी ठेवून पुरातत्त्व खात्याला कळविणे म्हणूनच महत्त्वाचे.

मुंबईतील अनेक पारशी कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कँटनशी व्यापार करीत. त्या घरांत आणि इतरत्रही पिढीजात चिनी भांडी आजही आढळतात. ज्यांना आपल्या घरातील वस्तू ताडून पाहायची असेल, त्यांनी आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी डोळे भरून पाहावीत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही असा मोठा ठेवा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही, हेही ध्यानात असावे.

घरातील भांडे मिंग काळातील न ठरता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे ठरले, तर निराश होण्याचे कारण नाही. ते कोणत्या जहाजातून, कोणाच्या हातून, कशासाठी आपल्या घरी आले, हा प्रश्न तेव्हा अधिक खरा होतो आणि त्याचे उत्तर शोधण्याची शक्यताही अधिक असते. खोट्या मोठेपणापेक्षा खरी तारीख केव्हाही मोलाची. ती हवी असेल, तर भांडे उलटे करण्यापूर्वी ते सुलटे ठेवून स्वच्छ उजेडात त्यावरील नक्षी शांतपणे वाचावी.